हार्वेस्टरचा ड्रम नव्याने बांधताना: बार, जाळी आणि मागे पडणारी काडी

खानदेशात एकाच हार्वेस्टरला वर्षभरात चार वेगळी पिकं मळावी लागतात. फेब्रुवारीत हरभरा, मार्चमध्ये गहू, एप्रिलपासून रब्बी मका, आणि पावसाळा सरला की सोयाबीन व खरीप मका. आपल्याकडे फिरणारी बरीचशी मशीन पंजाबात बांधलेली, म्हणजे गहू आणि भात डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. गव्हाला उत्तम चालणारा ड्रम (दाणे मळून काढणारं फिरतं नळकांडं) हरभऱ्यात शिरला की डाळ पाडतो, मक्यात शिरला की दाण्यांसोबत कणसाचाही चुरा करून चाळणीवर टाकतो. मग मालक नवे बार, म्हणजे ड्रमवरच्या खाचांच्या पोलादी पट्ट्या, मागवतो, दोन दिवस मशीन उघडून ठेवतो, आणि जाळी, पुली, चॉपर (मागची काडी बारीक करणारा) मात्र जुन्याच जागी राहतात. खर्च होतो, तक्रार तशीच राहते.

म्हणून बार मागवण्याआधी काडीचं काय करायचं ते ठरवा. शेतकऱ्याला भुसा हवा असेल तर काडी शक्यतो न चुरता ओळीने पडली पाहिजे. काडी रानातच कुजवायची असेल तर ती बारीक होऊन कटरच्या (पुढे पीक कापणाऱ्या भागाच्या) पूर्ण रुंदीवर पसरली पाहिजे. बारांचा प्रकार, ड्रमचे फेरे, कापणीची उंची आणि चॉपर चालू ठेवायचा की बंद, हे सगळं त्यावरून ठरतं.

आपली मळणी यंत्रणा कोणती

आडवा ड्रम, त्याखाली जाळी (कॉन्केव्ह) आणि मागे स्ट्रॉ वॉकर (काडी हलवत मागे नेऊन उरलेले दाणे खाली पाडणारे) ही रचना सर्वांत जास्त दिसते. पीक ड्रमखालून एकदाच जातं, काडी बरीच अखंड राहते. दुसरी रचना अक्षीय रोटरची: पीक रोटरभोवती गोल फिरत मागे सरकतं, मळणी आणि दाणे वेगळे होणं एकाच नळकांड्यात होतं, वॉकर नसतात. तिसऱ्या प्रकारात पुढे आडवा ड्रम आणि त्यामागे अक्षीय रोटर असे दोन्ही असतात. साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या क्लास क्रॉप टायगरमध्ये ही जोडरचना आहे.

अक्षीय रोटर हरभरा आणि सोयाबीनला नरम वागतो, कारण दाणा एका फटक्यात न निघता घासून-घासून निघतो. पण त्यातून आलेली काडी तुटकी असते. गठ्ठे बांधणाऱ्याला ती नको असते, आच्छादन करणाऱ्याला चालते. आडव्या ड्रमचं मशीन विकून अक्षीय घेण्याचा विचार बरेच जण फक्त हरभऱ्यासाठी करतात. त्याआधी आडव्या ड्रमचे फेरे कमी करण्याची सोय करून पाहावी, खर्चाचा फरक फार मोठा आहे.

झीज मोजा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

इंजिन बंद, किल्ली खिशात, बॅटरीची ऋण तार काढलेली, कटर जमिनीवर टेकवलेला किंवा जॅकला लॉक लावलेलं, चाकांना लाकडी ठोकळे. ड्रम जड असतो, इंजिन बंद झाल्यावरही तो काही वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. हात घालण्याआधी ड्रम आणि चौकट यांच्यामध्ये लाकडी पाचर ठोका. तोल बिघडलेला ड्रम हाताने सोडला की स्वतःहून वळतो आणि बोटं चिरडतात.

आता प्रत्येक बारवर पोलादी पट्टी आडवी ठेवा. बहुतेक ड्रममध्ये झीज मधल्या भागात जास्त सापडते, कारण कटरचा ऑगर (आडवा फिरणारा स्क्रू) पीक मध्यभागी आणून फीडरमध्ये, म्हणजे ड्रमकडे पीक नेणाऱ्या तोंडात, लोटतो. पट्टी आणि बार यांच्यामध्ये मध्यावर २ ते ३ मिमी फट दिसली तर टोकाशी बसवलेलं ड्रम-जाळीतलं अंतर मध्यावर खोटं आहे हे समजा. अशा ड्रमवर जाळी कितीही वर घेतली तरी मधल्या भागातून न मळलेल्या लोंब्या जाणारच, आणि टोकाला दाणा फुटणार. खाचांच्या पुढच्या कडा गोल झाल्या असतील, नखाला धार लागत नसेल, तर उंची शिल्लक असूनही बार संपला.

हरभऱ्यावर जास्त चालणाऱ्या मशीनची झीज लवकर का होते, याचं कारण मातीत आहे. घाटे खाली लागतात, कटर जमिनीला घासून चालवावा लागतो, आणि रोपाबरोबर माती व बारीक खडे ड्रममध्ये जातात. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड रानात हे अधिक. फीडरच्या तोंडाशी दगड अडवणारा खड्डा असेल तर तो रोज सकाळी रिकामा करा. भरलेला खड्डा आणि नसलेला खड्डा यात फरक नाही. पेरणीच्या वेळीच फुले विक्रमसारखा उंच, उभट वाढणारा वाण घेतला तर कटर वर ठेवता येतो आणि बारांचं आयुष्यही वाढतं.

बारांबरोबर हेही पाहा: ड्रमच्या चकत्यांना वेल्डिंगजवळ तडा आहे का, शाफ्ट सरळ आहे का (डायल गेजवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर लेथवाल्याकडे), बेअरिंगमध्ये हलकाव आहे का. हाताने ड्रम उचलून पाहताना टक्क असा आवाज आला तर नवे बार घालण्याआधी बेअरिंग बदला.

बार बदलण्याचा क्रम

ड्रमच्या चकतीवर रंगाने १ ते ८ आकडे टाका (काही ड्रमला ६ बार असतात). जुना ड्रम सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः खाचांची दिशा स्पष्ट दिसेल असा. खाचा डाव्या आणि उजव्या अशा दोन प्रकारच्या असतात आणि ड्रमवर त्या एकाआड एक येतात. सगळे बार एकाच हाताचे बसवले तर पीक ड्रमच्या एका बाजूला सरकत जातं, एकच वॉकर आणि चाळणीची एकच कड भरते, आणि दोष चाळणीत शोधण्यात दिवस जातो. दुकानदाराकडून सेट घेतानाच डावे-उजवे निम्मे-निम्मे मोजून घ्या.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडा. तरी सुटला नाही तर ग्राइंडरने डोकं कापा. गॅस कटर वापरू नका, चकतीचं पोलाद तापून वाकतं. जुने बोल्ट परत वापरायचे नाहीत. ८.८ किंवा त्याहून वरच्या ग्रेडचेच बोल्ट घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. बाजारात मिळणारा साधा बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण एका हंगामात ताणला जातो, बार सैल होतो आणि जाळीवर आपटतो. त्या एका बोल्टपायी ड्रम, जाळी आणि फीडर तिन्ही जातात.

प्रत्येक नवा बार ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. वजन बारवर खडूने लिहा. समोरासमोरच्या जागी, म्हणजे ८ बारांच्या ड्रममध्ये १-५, २-६, ३-७ आणि ४-८ या जोड्यांत, वजनाचा फरक १० ग्रॅमच्या आत राहील अशी मांडणी करा. ८ बारांच्या ड्रमवर समोरासमोर एकाच हाताचे बार येतात, त्यामुळे जोड्या लावणं सोपं जातं. ६ बारांच्या ड्रमवर समोर उलट्या हाताचा बार येतो, तिथं तोलायला जरा जास्त वेळ द्या.

एखादाच बार तुटला असेल तर फक्त तोच बदलण्याचा मोह होतो. नव्या आणि झिजलेल्या बारात वजनाचा आणि उंचीचा फरक असतो, म्हणून निदान समोरचा बार तरी सोबत बदला. हंगाम अर्ध्यावर असेल तर ही जोडी चालवून घ्या आणि पूर्ण सेट हंगाम संपल्यावर टाका.

बोल्ट कसताना मधून टोकांकडे जा, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत निम्मा जोर, दुसऱ्या फेरीत पूर्ण. मशीनच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर ८.८ ग्रेडच्या १० मिमी बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि १२ मिमीला सुमारे ८० धरा. टॉर्क पाना विकत घ्यायला जड वाटतो, पण नुसत्या पान्याला पाइप लावून कसणारा माणूस १० मिमीचा बोल्ट हमखास जास्त ताणतो. पहिले दोन तास मशीन चाललं की थांबवून सगळे बोल्ट पुन्हा तपासा, आणि १० तासांनी परत एकदा. नवा रंग आणि कडांवरचे बर्र दबले की बोल्ट थोडा सैल होतोच.

तोल

१०० ग्रॅमचा फरक किती, असं वाटतं. ६०० मिमी व्यासाच्या ड्रमच्या परिघावर १०० ग्रॅम जास्त असले आणि ड्रम मिनिटाला ९०० फेरे फिरत असला, तर ते वजन बेअरिंगला सुमारे २७ किलोच्या जोराने ओढतं, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. बेअरिंग गरम होणं, चौकटीला तडे जाणं, पट्टा उड्या मारणं हे त्यातूनच येतं.

साधी तपासणी गावातही होते. पट्टे उतरवा, ड्रम शाफ्टसह बाहेर काढा आणि शाफ्टची दोन टोकं पाणपातळीने समतल केलेल्या दोन गुळगुळीत पोलादी पट्ट्यांवर ठेवा. हलकेच ढकला. दरवेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती जड. समोरच्या बाजूच्या बोल्टखाली वॉशर वाढवत जा, ड्रम कुठेही थांबू लागेपर्यंत. ड्रम मशीनमध्ये ठेवून ही तपासणी केली तर बेअरिंगच्या सीलचं घर्षण लहानसहान फरक लपवतं, म्हणून बाहेर काढणंच बरं.

या पद्धतीने एका टोकाला डावीकडे आणि दुसऱ्या टोकाला उजवीकडे असलेला फरक पकडता येत नाही. पट्ट्यांवर दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि ड्रम फिरला की तो डुलतो. ड्रमला वेल्डिंग झालं असेल, चकती बदलली असेल किंवा शाफ्ट नवा असेल तर डायनॅमिक बॅलन्सिंग करून घ्या. पंप आणि ब्लोअरचे रोटर बॅलन्स करणारी वर्कशॉप हे काम करतात.

जाळी आणि फेरे

नवे बार बसले की जाळीचा काटा खोटा ठरतो. बार जुन्यापेक्षा २-३ मिमी उंच असतात, म्हणजे दांड्यावरचा तोच खुणेचा दात आता कमी अंतर देतो. ड्रम हाताने फिरवून सर्वांत उंच बार शोधा, तो जाळीसमोर आणा, आणि पुढे व मागे, डावीकडे व उजवीकडे अशा चारही कोपऱ्यांत फीलर गेज किंवा ठरावीक जाडीच्या पट्ट्या घालून अंतर मोजा. डाव्या-उजव्या बाजूत १ मिमीपेक्षा जास्त फरक नको. मग खुणेची पट्टी नव्याने लावा. जाळीच्या आडव्या पट्ट्यांच्या कडा गोल झाल्या असतील तर नवे बार निम्मंच काम करतील. पैसा एकाच गोष्टीपुरता असेल आणि बार बऱ्या अवस्थेत असतील, तर आधी जाळी बदला.

६०० मिमी व्यासाच्या आडव्या ड्रमसाठी सुरुवातीची मांडणी अशी धरा. शेतात उतरल्यावर पीक पाहून बदल करायचाच आहे.

गहू: ८५० ते ९५० फेरे, अंतर पुढे १२-१५ मिमी, मागे ५-८ मिमी.
हरभरा: ३५० ते ४२० फेरे, पुढे १८-२५, मागे १०-१५.
सोयाबीन: ४०० ते ४८०, पुढे २०-२५, मागे १२-१५.
मका: ४०० ते ४८०, पुढे ३०-३५, मागे २०-२५.

दुसऱ्याच्या मशीनचे फेरे ऐकून आपल्याला लावू नका. दाण्याला बसणारा फटका बारच्या वेगावर ठरतो आणि तो वेग व्यासावरही अवलंबून असतो. ६०० मिमीचा ड्रम ९०० फेऱ्यांना सेकंदाला २८ मीटर वेग देतो. ४५० मिमीच्या ड्रमला तोच वेग गाठायला जवळजवळ १,२०० फेरे लागतात. व्यास मीटरमध्ये घ्या, ३.१४ ने आणि फेऱ्यांनी गुणा, ६० ने भागा. गव्हाला २८ च्या आसपास, मक्याला आणि सोयाबीनला १३-१५, हरभऱ्याला ११-१३ आला पाहिजे.

खरी अडचण फेरे खाली आणण्यात येते. काही मशीनचा व्हेरिएटर (ड्रमचे फेरे कमी-जास्त करणारी पुली) हरभऱ्याला हवा तितका खाली उतरतच नाही. तिथं ड्रमवरची पुली मोठी किंवा इंजिनाकडची पुली लहान घ्यावी लागते: फिरवणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे भागिले ड्रमच्या पुलीचा व्यास, म्हणजे ड्रमचे फेरे. इंजिनाचा थ्रॉटल कमी करून ड्रम हळू करण्याची सवय मात्र घातक आहे. थ्रॉटलबरोबर पंखा, चाळण्या आणि वॉकरही मंदावतात, आणि दाणे काडीबरोबर मागे जातात. इंजिनाकडची पुली निम्मी करून फेरे निम्मे केले की तेवढ्याच ताकदीसाठी पट्ट्यावर ओढ दुप्पट येते, म्हणून पट्ट्याचा ताण वाढवा आणि पहिल्या तासात पट्टा घसरून तापतोय का ते मशीन थांबवून पाहा.

मक्यासाठी दोन बदल आणखी. गव्हाच्या जाळीत तारा दाट असतात, त्यातून मक्याचा दाणा वेळेवर खाली पडत नाही आणि पुन्हा पुन्हा मार खातो. तारा काढता येणारी जाळी असेल तर एकाआड एक तार काढा. नसेल तर मक्याची रुंद जाळी वेगळी ठेवा. आणि ड्रमच्या बारांमधल्या मोकळ्या जागा पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद करा, नाहीतर कणसं ड्रमच्या पोटात शिरतात, तिथं तुटतात आणि तोल बिघडवतात. या पट्ट्याही समोरासमोर सारख्या वजनाच्या हव्यात. मका २० ते २५ टक्के ओलाव्यावर घेतला तर दाणा कमी फुटतो, पण मग वाळवणीची सोय आधी करावी लागते. उन्हात शेतातच १३-१४ टक्क्यांपर्यंत वाळू दिला तर फेरे ४०० च्या जवळ ठेवा.

मक्याच्या हेडरच्या ओळींचं अंतर पेरणीशी जुळलं पाहिजे, हे वेगळं सांगायला नको, तरी ६० सेंटिमीटरची पेरणी आणि ७५ चं हेडर ही जोडी दरवर्षी कुठेतरी दिसते. पडलेली कणसं मग मजुरांनी वेचायची.

एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४३ च्या वर गेला की दुपारी गव्हाची काडी काचेसारखी तुटते. वॉकरवर लांब काडी येण्याऐवजी चाळणीवर तुकड्यांचा ढीग येतो आणि दाणे त्यावरून वाहून जातात. सकाळची मांडणी दुपारी चालत नाही: ५० ते १०० फेरे कमी करा, जाळी २ मिमी खाली सोडा.

अक्षीय रोटर असेल तर

रोटरच्या तोंडाशी पीक आत ओढणारी पाती सर्वांत आधी झिजतात, कारण सगळा भार तिथं पडतो. पाती झिजली की फीडरच्या शेवटी पीक गोळा होऊन आत झटक्यांनी जातं, इंजिनाचा आवाज वरखाली होतो. मळणी भागातले बार वर सांगितल्याप्रमाणेच जोडीने बदला. दातांचा रोटर असेल तर दात एकाच बाजूने झिजतात. उलटवता येणारे असतील तर एकदा उलटवून दुसरी बाजू वापरता येते.

ओल्या, हिरव्या काडीत रोटरमधून खडखडाट येऊ लागला तर पिकाचे दोर वळले जात आहेत. फेरे फार कमी, बार गोल झालेले, किंवा वरच्या झाकणातल्या मार्गदर्शक पट्ट्या झिजलेल्या, यांपैकी काहीतरी असतं. दाणे वेगळे होण्याच्या मागच्या भागात काही साध्या बारांच्या जागी काटेरी बार बसवले तर दोर सुटतात. मार्गदर्शक पट्ट्यांचा कोन बदलता येत असेल तर उभट कोनात पीक लवकर बाहेर पडतं, ताकद कमी लागते, काडी कमी तुटते. पण दाणे सुटायला वेळ कमी मिळतो. गव्हाची काडी लांब हवी असेल तेव्हा उभट, सोयाबीनच्या ओलसर शेंगांना आडवट.

तोटा मोजणं

बदल केल्यावर ५० मीटर चालवा, थांबा, आणि मशीन मागे घेऊन तीन ठिकाणी एक चौरस मीटरची चौकट टाका: अजून न कापलेल्या पिकात, मशीनच्या कटरखाली नुकत्याच कापलेल्या जागी, आणि काडीच्या ओळीखाली. पहिल्या ठिकाणचे दाणे आधीच गळालेले. दुसऱ्यातून पहिले वजा केले की कटरचा तोटा. तिसऱ्यातून दुसरे वजा केले की ड्रम, वॉकर आणि चाळणीचा.

ओळीखालचा आकडा फसवा असतो. कटर ४.२ मीटर रुंद आणि काडीची ओळ १.२ मीटरची असेल, तर मशीनच्या पोटातून आलेले दाणे त्या पट्ट्यात साडेतीनपट दाट पडतात. वजाबाकीनंतर १४० दाणे उरले तर साडेतीनने भागा: ४०. गव्हाचा हजार दाण्यांचा भार ४० ग्रॅम धरला तर ४० दाणे म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, एकरी सुमारे साडेसहा किलो. मक्याचे दर चौरस मीटरला १० दाणे म्हणजे एकरी १० ते १२ किलो. हरभऱ्याचे १० दाणे म्हणजे एकरी ८ किलो. हा हिशेब शेतकऱ्यासमोर करून दाखवला तर भाड्याची घासाघीस कमी होते, असाही फायदा आहे.

दाणे लोंबीतच राहिले असतील तर ड्रम आणि जाळीचा दोष. मोकळे दाणे काडीत मिसळून गेले असतील तर वॉकर भरले, गती कमी करा. मोकळे दाणे भुशाबरोबर उडाले असतील तर पंखा किंवा चाळणी.

चॉपर आणि पसरवणी

चॉपरच्या सुऱ्या सैल झुलणाऱ्या असतात आणि एका कडेने झिजतात. बहुतेक सुऱ्या उलटवून दुसरी कड वापरता येते. बदलताना इथंही समोरासमोरची जोडी एकाच वेळी, आणि सुरीबरोबर तिचा पिन व बुश. इथले फेरे ड्रमपेक्षा कितीतरी जास्त असतात, म्हणून तोलातली चूक इथं जास्त महागात पडते. एक सुरी तुटून गेली आणि तसंच चालवलं तर संध्याकाळपर्यंत बेअरिंग जातं. स्थिर सुऱ्या आत सरकवल्या की तुकडे लहान होतात आणि डिझेल जास्त लागतं; बोटभर लांबीचे तुकडे पुरेसे आहेत, पावडर करायची गरज नाही. मक्याला चॉपरची हळू चालणारी पुली असेल तर ती लावा.

पसरवणीच्या फळ्या बहुतेक जण एकदाच लावून विसरतात. काडी कटरच्या रुंदीइतकी पसरली नाही तर मधल्या पट्ट्यात जाड थर आणि कडेला उघडी जमीन राहते. पुढच्या पिकात हेच पट्टे पिवळे दिसतात. आडवा वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूच्या फळ्या जास्त बाहेर वळवा. भुशाचं स्ट्रॉ रीपर मागून येणार असेल तर चॉपर बंद ठेवा आणि कटर ३० ते ४० सेंटिमीटरवर: रीपर उभी धसकटं कापतो आणि ओळीतली काडी उचलतो, विखुरलेले तुकडे त्याच्या हाती लागत नाहीत. मशीनच्या पोटात काडी कमी गेल्यामुळे एकरी वेळही कमी लागतो. रानातच कुजवायचं असेल तर १५ सेंटिमीटरवर कापा आणि गती उतरवा.

आग याच हंगामात लागते. सायलेन्सर, ड्रमची बेअरिंग आणि चॉपरच्या पट्ट्याभोवती साचलेला भुसा दिवसातून तीनदा तरी हवेने उडवा. अग्निशामक सिलिंडर केबिनजवळ, आणि पाण्याचा टँकर किंवा नांगर लावलेला ट्रॅक्टर बांधावर उभा. डिझेल भरताना इंजिन बंद.

कोणत्या पिकाची काडी कुठे

हरभऱ्याचं कुटार जनावरांना हवंच असतं. चॉपर बंद करा, मागे ताडपत्री किंवा गोळा करण्याची ट्रॉली लावा.

दादरचा, म्हणजे खानदेशातल्या रब्बी ज्वारीचा, विषय वेगळा. कडब्याचा भाव पाहता दादर हार्वेस्टरमध्ये घालण्यात शहाणपण नाही. हाताने कापून फक्त कणसं मळणी यंत्रात टाकावीत.

गव्हाचं गणित जरा सविस्तर करावं लागतं. एकरी १६ क्विंटल गहू आला तर काडी साधारण २० क्विंटल निघते, त्यात १० किलोच्या आसपास नत्र असतं. पेटवलं तर ते नत्र जवळपास सगळं जातं आणि पालाशाची राख वावटळीबरोबर शेजाऱ्याच्या रानात पोचते. कुजवण्यासाठी उसाच्या पाचटाचं प्रमाण इथंही वापरता येतं: दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कंपोस्ट कल्चर. दोन टनांना दुप्पट.

पण हे प्रमाण पाण्याशिवाय वाया जातं, आणि नेमकं हेच विसरलं जातं. मार्चअखेर गहू निघाला की जूनच्या पावसापर्यंत काळं रान तापून भेगाळतं. कोरड्या काडीवर टाकलेलं कल्चर त्या उन्हात मरतं, युरिया हवेत उडतो. विहिरीला पाणी असेल तर कापणीनंतर आठवड्याच्या आत काडीवर युरिया-सुपर-कल्चर टाका, रोटाव्हेटरने ८ ते १० सेंटिमीटर मिसळा आणि एक पाणी द्या. एप्रिलच्या उष्णतेत ओल असेल तर कुजण्याचा वेग चांगला असतो. पाणी नसेल तर काडी जमिनीवरच राहू द्या. कोरड्यात गाडलेली काडी पहिल्या पावसानंतर कुजायला लागते आणि तेव्हाच कपाशी उगवत असते. जिवाणू काडी कुजवायला जमिनीतलं नत्र ओढतात, रोपं पिवळी पडतात, आणि दुकानदार फवारणीची बाटली देतो. अशा रानात कपाशीला पेरणीबरोबरच्या नत्राची मात्रा थोडी वाढवा. हलक्या जमिनीत कोरड्या काडीखाली वाळवी लागली का, तेही मे महिन्यात उचलून पाहा.

रावेर, यावल, चोपडा भागात गव्हाच्या काडीचं सर्वांत चांगलं गिऱ्हाईक शेजारची केळीबाग असते. उन्हाळ्यात केळीच्या दोन्ही बाजूंना ४ ते ५ इंच थर दिला तर ओल टिकते आणि गवत दबतं. खोडाला थर टेकवू नका आणि ड्रिपच्या नळ्या काडीखाली ठेवा.

मक्याची धसकटं हा सर्वांत कठीण माल. तिरपी कापलेली धसकटं भाल्यासारखी उभी राहतात आणि ट्रॅक्टरच्या टायरांना छिद्र पाडतात. शिवाय खोडकिडीच्या अळ्या त्यातच दडून पुढच्या पिकाची वाट पाहतात. कापणीनंतर दोन-चार दिवसांत, खोड अजून पूर्ण सुकलेलं नसताना, मल्चर किंवा श्रेडर जमिनीपासून ५ सेंटिमीटरवर चालवा. पूर्ण सुकलेलं खोड आडवं होऊन सुऱ्यांखालून निसटतं. मल्चरला ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. त्याहून लहान असेल तर खालचा गिअर, पीटीओचे (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याचे) फेरे पूर्ण ५४०, आणि अर्ध्या रुंदीचं काम. फेरे पडू दिले तर तुकडे न होता खोड नुसतं चेचलं जातं आणि रोटाव्हेटरभोवती गुंडाळतं.

हंगाम संपला की ड्रम आणि चॉपरचे पट्टे ढिले करा, बेअरिंगमध्ये जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा, जाळीखालचा साचलेला भुसा काढा. पावसाळ्यात उंदीर तिथंच घर करतात आणि वायरिंग कुरतडतात. मक्यासाठी जाळीतून काढलेल्या तारा आणि ड्रमच्या पत्र्याच्या पट्ट्या आकडे टाकून, तेल लावून एकाच पोत्यात बांधा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन कापून झाल्यावर लगेच मका येतो, आणि तेव्हा ते पोतं शोधायला वेळ नसतो.